पाटी न वाचता गाडीत बसणारी

ती एस.टी.ची पाटी वाचत नसे.

वाचता येत नव्हती म्हणून नाही. गणित घेऊन शिकलेली बाई, घोडेगावच्या हायस्कुलात पंचवीस वर्षं फळ्यापुढं उभी राहिलेली. वाचायचे वांधे माझे. माझी शाळा चौथीत सुटली, अजून एकेक अक्षर जोडत जातो. पण मी पाटी वाचल्याशिवाय कधी गाडीत पाय ठेवला नाही. आणि ती रविवारी सकाळी घोडेगावच्या स्टँडवर जायची, पहिली जी गाडी लागेल तिच्यात चढायची आणि ड्रायव्हरच्या मागची जागा धरायची.

कंडक्टर विचारायचा, "कुठं?"

"शेवटच्या थांब्याचं द्या."

"शेवटचा कुठला, ठावं हाय का बाई?"

"तुम्हाला ठाऊक आहे ना? मग झालं."

ही माझी बायको. गेल्या माघात गेली. शाळेतल्या नव्या बाई आल्या होत्या, म्हणाल्या, शाळेच्या अंकासाठी त्यांच्याविषयी चार ओळी द्या. चार ओळींत ती मावत नाही. म्हणून हे वहीत लिहितोय. त्यांना घ्यायचं तर घेतील, नाही तर राहिलं.

दिसायला बुटकी. चालायला मात्र अशी की मला मागून पळावं लागे. नेसून पातळ, पायात पोरांचे कॅनव्हासचे बूट, खांद्याला गड्यामाणसाची काळी छत्री. पिशवीत पाण्याची बाटली, भाकरी आणि खडू. खडू कायम. डोंगरातल्या कुठल्याही गावात पोरं दिसली की तिथल्या ओट्यावर त्रिकोण काढून बसायची. त्या घरची बाई ओरडायची, "अवो बाई, आत्ताच सारावलाय वटा!" मग हीच शेणाचा हात फिरवून द्यायची आणि त्यांच्यातच जेवायची.

तिचा नियम होता. गेलो त्याच गाडीनं परत यायचं. गाडी सुटेपर्यंत जवळचं जे घर असेल तिथं बसायचं, देतील ते खायचं. म्हणायची, "उभ्या उभ्या गाव दिसत नाही. बसावं लागतं."

मी बसणारा माणूस नाही. जेवताना सुद्धा माझा एक गुडघा वर असतो, उठायच्या तयारीत. दर रविवारी निघताना ती विचारायची, "अहो, येताय?" मी म्हणायचो, "गाय कोण बघणार?" पंचवीस वर्षांत तीन गाई बदलल्या, उत्तर तेच.

हे खूळ कुठून आलं ते मला माहीत आहे. तिचं माहेर डिंभ्याच्या धरणात गेलं. घर, देऊळ, शाळा, सगळ्यावर पाणी. माझं गाव नकाशातनं पुसलं, म्हणायची, आता मला दुसऱ्यांची बघू दे. रडून नाही सांगायची. तांदूळ निवडता निवडता सांगायची. आम्हाला मूल झालं नाही, त्याबद्दलही तशीच बोलायची.

एकदा मात्र तिनं आम्हाला घाम फोडला. रविवारी दुपारी गेली ती आलीच नाही. आमचं गाव पेठजवळ, तिथून घोडेगावला जायचं तर मंचरला गाडी बदलावी लागते. सोमवारी सकाळी दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, घेतलं आणि त्याच्या राजदूत फटफटीवरनं शाळा गाठली. खिडकीतनं बघतो तर ही फळ्यापुढं उभी. पातळ कालचंच, बूट लाल मातीनं माखलेले.

मी वर्गाच्या दारातनंच ओरडलो, "कुठं व्हतीस?"

"गाडी मुक्कामी होती."

पाटी न वाचता बसली ती मुक्कामाच्या गाडीत. जी गाडी संध्याकाळी डोंगरातल्या शेवटच्या गावाला जाते, तिथंच थांबते आणि पहाटे परत निघते ती. आमच्याकडं शेंबड्या पोराला पण ते कळतं.

"जीव गेला व्हता आमचा! येडी का खुळी तू?"

सगळी पोरं टकमक बघत होती. ती म्हणाली, "वर्ग सुटल्यावर बोला. आता अपूर्णांक चाललेत."

दादा बाहेर आल्यावर म्हणाला, "तुझी मास्तरीण एक दिवस अशीच कुटं तरी जाईल, आन् पत्र टाकंल तितनं." त्यानं चिडून म्हटलं होतं. खरं झालं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी धार काढत होतो. ती गोठ्याच्या दारात उभी राहिली.

"इथिओपियाला बोलावलंय मला."

"कशाला?"

"गणित शिकवायला. मास्तर व्हायला शिकणारी पोरं आहेत, त्यांच्या कॉलेजात. तीन वर्षं."

"कुटं आलं ते?"

"आफ्रिकेत."

मी दोन धारा मारल्या. "आन् मी?"

"तुम्ही पण चला. नवऱ्याला नेता येतं."

"गाय कोण बघणार?"

ती हसली. "बघा, विचारलं बरं का मी. नंतर बोलू नका."

पेपरात जाहिरात बघून तिनं अर्ज केला होता, पुण्याला जाऊन मुलाखत दिली होती, आणि मला वाटत होतं ती पेपर तपासायला गेली. पन्नाशी जवळ आलेली. दादा घरी येऊन बसला. तिला थेट बोलायचा नाही, माझ्याकडं बघून बोलायचा. "बाईमाणूस आफ्रिकेला, आन् गडी गाईचं शेपूट धरून घरी. लोक काय म्हनतील?"

ती आतनं म्हणाली, "दादा, काय म्हणतात ते तुम्ही लिहून कळवा. मी उत्तर देईन."

मी जा म्हटलं नाही, नको पण म्हटलं नाही. आजवर मला वाटायचं हा माझा मोठेपणा. आता वाटतं, मी नुसता गप्प बसलो.

भाद्रपदात निघाली. आमच्याकडं तेव्हा बटाट्याची काढणी. आमच्या पठारावर त्या दिवसांत कोणी मेलं तरी माणसं घाईनं पोचवून वावरात परत येतात. मी पेठपर्यंत गेलो, हमरस्त्यावर. खांद्यावर तिची ट्रंक. नाशिककडनं पुण्याची गाडी आली. तिनं आयुष्यात पहिल्यांदा मला विचारलं, "हीच ना?"

मी पाटी वाचली. "हीच."

मुंबईच्या विमानापर्यंत या, असं ती म्हणाली नाही. मी पण गेलो नाही. वावरात सहा बाया लावल्या होत्या.

तिकडनं दर आठवड्याला पत्र. एका पत्राला यायला तीन-तीन आठवडे लागायचे आणि मला वाचायला एक आठवडा. कोणाकडनं वाचून घेतलं नाही. दुपारी भाकरी खाल्ली की विहिरीच्या कडेला एक पान.

पहिल्याच पत्रात तिची फजिती. कॉलेजात सांगितलं, उद्या दोन वाजता तास. ही दुपारी दोनला छत्री घेऊन हजर. वर्गात कोणी नाही, शिपाई बाक पुसत होता. त्या मुलखात घड्याळ सूर्याबरोबर सुरू होतं. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आपले आठ म्हणजे दोन. पोरं सकाळी आठला येऊन, बसून, निघून गेली होती. तिनं लिहिलं, "लाज वाटली, पण हिशोब त्यांचा बरोबर आहे. दिवस उगवल्यावर मोजायला लागावं. आपण मध्यरात्री कोणीही जागं नसताना कशाला सुरू करतो?"

मी हे दादाला सांगितलं. दादा म्हणाला, "समद्या जगात हिलाच बरं असलं गाव घावतं."

शनिवार-रविवार कॉलेजला सुट्टी. मग काय, तिथंही तेच. उजाडता स्टँडवर जायची आणि भरत आलेल्या पहिल्या गाडीत बसायची. पाटी तर तिकडच्या लिपीत, वाचायचा प्रश्नच मिटला. "इथे मी तुमच्यासारखी आहे," असं लिहिलं होतं, "एकेक अक्षर जोडते." गाडीच्या टपावर शेळ्या बांधलेल्या, आत कोंबड्या. एक तळं होतं म्हणे, आपली चार धरणं मावतील एवढं. त्यात बेटं, बेटांवर मठ. एका मठात बायांना बंदी. बाकीचे पाहून येईपर्यंत ही नावेत बसली, नावाड्याच्या बायकोकडून लव्हाळ्याची होडी कशी बांधतात ते शिकली. लिहिलं होतं, "मठ त्यांनी पाहिला, होडी मी पाहिली. मला तोटा झाला नाही." आंबोळीसारखी एक आंबट भाकरी परातीएवढी, सगळ्यांनी एका ताटात जेवायचं. पाहुण्याला पहिला घास घरची बाई आपल्या हातानं भरवते. आमच्या हिला आईनंतर तसं कोणी भरवलं नव्हतं. तेवढं एक वाक्य लिहिलं होतं आणि पुढं लगेच बाजारभाव.

मोठ्या सुट्टीत ती देवळं बघायला गेली. डोंगरातली, अख्ख्या दगडात कोरलेली. "आपली जुन्नरची लेणी डोंगराच्या पोटात आडवी शिरतात," तिनं लिहिलं, "इथली जमिनीत सरळ खाली उतरलीत. छत तुमच्या पायाशी. वरून बघितलं तर खड्डा, खाली उतरलं तर देऊळ. पायऱ्या मोजल्या. तुम्ही लेण्याद्रीच्या मोजून कळवा."

मी नारायणगावच्या बाजारात एकाला विचारलं, त्यानं आकडा सांगितला, तो कळवला. दीड महिन्यानं उत्तर आलं. "हा आकडा ऐकीव आहे. जाऊन मोजा."

एवढ्या लांबून बाईला कसं कळलं, देव जाणे. मग एका रविवारी दादाला म्हटलं, आजच्या दिवस गाय बघ. दादा बघतच राहिला. लेण्याद्री माझ्या घरापासून अर्ध्या दिवसाच्या आत. मी कधी गेलो नव्हतो. चढताना मोजल्या, उतरताना मोजल्या. दोन आकडे वेगळे आले. मला वाटलं आता बोलणी खायची. दोन्ही लिहून टाकले.

तिचं उत्तर: "आता बरोबर. स्वतः मोजलं की फरक येतोच."

मास्तरीण म्हणून ती काय होती, ते मला त्या दिवशी कळलं. पंचवीस वर्षं घरात असून कळलं नव्हतं.

तिच्या सगळ्या पत्रांत एक पत्र घडीवर फाटलंय, इतकं मी ते उघडलं. त्याची गोष्ट सांगतो.

असाच एक शनिवार, असाच शेवटचा थांबा. बाजाराचं गाव. एका म्हातारीनं हिला घरात बोलावलं. जमिनीवर ताजं गवत पसरलं, ऊद घातला, लाह्या पुढं ठेवल्या आणि कॉफी करायला बसली. कच्चं बी धुवायचं, तव्यावर भाजायचं, धूर पाहुण्याला द्यायचा, मग कुटायचं आणि लांब मानेच्या काळ्या सुरईत उकळायचं. ह्याला तास गेला. पहिला कप दिला. मग त्याच चोथ्यात पाणी घालून दुसरा. तेवढ्यात गाडीचा हॉर्न. परतीची एकच गाडी. आमची ही उठली. म्हातारीनं मनगट धरलं. तिसरा व्हायचा होता. तिकडं तीन कप घेतल्याशिवाय उठत नाहीत. तिसऱ्याचं नाव बरका, म्हणजे आशीर्वाद. तो न घेता उठलं की त्या घराचा आशीर्वाद द्यायचा राहिला.

ही हातवारे करून सांगतेय, गाडी, गाडी. गाडी हॉर्न देतेय. आता काय करायचं? कोणीतरी पळत जाऊन ड्रायव्हरला सांगितलं की पाहुणीचा तिसरा राहिलाय. तर त्या ड्रायव्हरनं गाडी बंद केली. खाली उतरला, आत आला आणि गवतावर मांडी घालून बसला. म्हातारीनं त्यालाही कप दिला. भरलेली गाडी बाहेर उभी आणि कोणी ओरडलं नाही.

खाली तिनं लिहिलं होतं, "तुमची आठवण आली."

तीन वर्षांनी परत आली. ट्रंकेत कपडे कमी आणि ती काळी सुरई गोधडीत गुंडाळलेली. सोबत बिनदांडीचे कप आणि कॉफीचं कच्चं बी. घरात दोन घड्याळं लावली, ओसरीत आपल्या वेळेचं, स्वयंपाकघरात तिकडच्या. डेअरीसाठी दूध न्यायला येणारा गडी स्वयंपाकघरातलं घड्याळ बघून रोज चक्रावायचा.

दर रविवारी कॉफी. माझ्या गाईच्या पेंडीतलं हिरवं गवत उपसून घरात पसरायची. मी म्हणायचो, "अगं, त्ये गाईला घाल की."

"गाय रोज खाते. आज माणसांना बसू द्या."

पहिल्या रविवारी दादा आला. एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ह्ये आवशिद हाय का काय?"

"दादा, अजून दोन आहेत."

"नगं बाई. माजं पोट चांगलं हाय." उठून गेला.

मी दोन कप घ्यायचो. पहिला कडू, दुसरा बरा. तिसऱ्याला रंग पण नसायचा. आणि दुसरा होईपर्यंत लाईट यायची. शेतीची थ्री फेज लाईट आमच्याकडं काही तासच असते. ती आल्याचं कळावं म्हणून ओसरीत एक बल्ब लावलेला. तो लागला की मी उठलो. मोटार चालू करायची, कांद्याला पाणी धरायचं. ऑटो बसवा, ती हजारदा म्हणाली, लाईट आली की मोटार आपोआप चालू होईल. माझा ऑटोवर भरवसा नाही. शेजाऱ्याची मोटार तशीच जळली होती.

"तिसरा राहिला," ती म्हणायची.

"त्याला चव नसती गं. नुसतं धुवण."

"चवीसाठी नसतोच तो." मग म्हणायची, "तिकडं ड्रायव्हरनं गाडी बंद केली होती."

"त्याला कांदा नसंल भिजवायचा."

यावर ती हसायची. दर रविवारी हेच. मला वाटायचं ही आमची चेष्टा आहे. ती खरंच मागत होती, हे माझ्या टाळक्यात आलं नाही. आयुष्यभर बाईनं माझ्याकडं एवढंच मागितलं, की जरा बसा. आधी गाडीत बसा म्हणाली, मग गवतावर बसा म्हणाली.

मग दुखणं निघालं. पोटाचं. पुण्याला चार महिने हेलपाटे झाले आणि डॉक्टर म्हणाले घरी न्या. माघातला रविवार होता. मला म्हणाली, आज तुम्ही करा कॉफी. गादीवरनं एकेक सांगत होती. "हलवत राहा. तडतडलं की उतरवा. अहो, करपतंय!" करपलंच थोडं. गवत मी न सांगता पसरलं. पहिला कप तिनं ओठाला लावला. दुसऱ्याला म्हणाली, "बरा जमलाय." मी तिसऱ्याचं पाणी सुरईत घातलं, आणि बल्ब लागला.

मी तिच्याकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, सुरईकडं बघत होती.

"आलोच," म्हणालो. "कळ दाबून येतो."

कळ दाबली. पाणी पडलं. पण वरच्या बाजूला पाट फुटलेला, तो बांधला. मग दोन वाफे. परत आलो तर ती झोपलेली. उशाशी कप होता, वर बशी झाकलेली. उठून तिनंच ओतला असणार. कशी उठली असेल ते मला माहीत नाही, तेव्हा तिला कूस बदलता येत नव्हती. कॉफी गार झालेली. मी ती मोरीत ओतली आणि कप विसळून ठेवला.

मंगळवारी ती गेली. मधल्या दिवसात बोलली, पण त्या कपाबद्दल नाही.

लोक भेटायला आले, म्हणाले, मोठं मन होतं बाईंचं, आफ्रिकेपर्यंत जाऊन आल्या. मी मान हलवत होतो. मला तो कप दिसत होता. ती तिसरा ओतून वाट बघत राहिली आणि मी वाफे मोजत होतो. मला कोणी समजावू नका. बाई चांगली होती आणि मी अर्धा माणूस होतो, हे मी वहीत लिहून ठेवतोय.

ऑटो अजून बसवला नाही. आता बसवून दाखवायचा कोणाला?

दादा हल्ली रविवारी येतो. ती असताना पुन्हा आला नव्हता, आता येतो. पुण्याहून मागवलेलं थोडं कच्चं बी डब्यात शिल्लक आहे. परवाच्या रविवारी गवत पसरलं, बी भाजलं. कमी करपलं या वेळी. दादानं पहिला कप डोळे मिटून प्यायला. दुसरा प्यायला. मी सुरईत पाणी घातलं.

ओसरीतला बल्ब लागला.

दादा गुडघ्यावर हात टेकून उठला. "लाईट आली रं. जा, मोटार चालू कर."

"बस खाली."

"आरं, जाईल पुन्ना. कांदा सुकलाय तुजा, येताना बघितला म्या."

"बस म्हनलं ना दादा. तिसरा व्हायचाय."

दादा बसला. सुरई उकळायला वेळ लागतो, मी विस्तव सारखा केला. दोघं बल्बकडं न बघता बसून राहिलो. मग दोन कप ओतले, आणि एक तिसरा ओतून तिच्या जागेवर ठेवला. दादानं घोट घेतला.

"चवच न्हाई की रं ह्याला."

"न्हाईच," म्हणालो. "पी."